लाच फक्त पैशांची नसते

दार एस सलाम : टांझानियात साहेबाने पैशांऐवजी शरीरसंबंधांची मागणी केली, तर ती लाचच ठरते. स्वाहिलीत तिला ‘रुश्वा या न्गोनो’ म्हणतात. 2007 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याच्या 25 व्या कलमाने तो स्वतंत्र गुन्हा केला आहे. नोकरी, बढती किंवा हक्काची गोष्ट देण्यासाठी अधिकाऱ्याने अशी अट घातली की गुन्हा झाला. पुढे काय घडले, याला महत्त्व नाही. तपासही लाचखोरीमागे लागणारी ‘टाकुकुरू’ हीच यंत्रणा करते. परीक्षेत पास करण्यासाठी विद्यार्थिनीला लॉजवर बोलावणाऱ्या एका व्याख्यात्याला टाकुकुरूने सापळा लावून पकडले आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. आफ्रिकेने कायदे आपल्याकडून शिकावेत, असे मानणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे.

महाराष्ट्रात सापळा म्हणजे नोटा. तक्रारदाराने आणलेल्या नोटांना अँथ्रासीन पावडर लावायची, पंच सोबत द्यायचे, साहेबाने पैसे घेतले की त्याचे हात अतिनील दिव्याखाली धरायचे. बोटे चमकली की पुरावा मिळाला. ही पद्धत पैसे देऊ शकणाऱ्यासाठी आहे. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या, हाती दमडी नसलेल्या विधवेकडे बाबूने ‘संध्याकाळी ये’ म्हटले, तर पावडर कशाला लावायची? भारताच्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातही लाभ पैशांपुरता नाही, म्हणजे कागदावर वाट आहे. तरी अशा बाईने लाचलुचपतच्या कार्यालयात जावे, असे कुणी तिला सांगत नाही. तिला विनयभंगाची फिर्याद द्यायला सांगतात. मग चर्चा तिच्या अब्रूची होते, अडवलेल्या दाखल्याची होतच नाही.

त्याच कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवले तरच सुटका. पैसे गेलेला माणूस सात दिवसांत बोलेल. शरीर द्यावे लागलेली बाई तेवढ्या दिवसांत घरच्यांनाही सांगू शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांना सुचायला हवे होते.

टांझानियातही सारे आलबेल नाही. सापळ्यासाठी मुलीला स्वतः त्या खोलीपर्यंत जावे लागते. शिक्षाही फार तर तीन वर्षे कैद किंवा 50 लाख शिलिंग दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे नुसता दंड भरून सुटण्याची वाट गुन्हेगाराला मोकळीच राहते.