जबल अलीचा कागद

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी आईसह घरी आला. दुबईच्या जबल अली बंदरात क्रेन चालविण्याची नोकरी त्याला मिळत होती. पगारही ठरला होता, पण कंपनीने चारित्र्याचा दाखला मागितला. एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलच्या सामन्यानंतर झालेल्या मारामारीत कोर्टाने त्याला दंड केला होता. आज तो बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. आई म्हणाली, "गुरुजी, तेरा वर्षे झाली. अजून पुसले नाही का?"

जबल अली बंदर 1979 साली सुरू झाले, मुक्त व्यापार क्षेत्र 1985 साली. ज्या रत्नागिरीकडून आमचे पूर्वज ऊसमळ्यांवर आले, तिथलेच तरुण आज आखातात कामाला जातात. अमिरातीने 4 फेब्रुवारी 2018 पासून कामाच्या व्हिसासाठी असा दाखला सक्तीचा केला होता. उमेदवार गेली पाच वर्षे जिथे राहिला, त्या देशाचा तो हवा होता. 1 एप्रिलपासून ती अट स्थगित झाली, म्हणजे दोन महिनेही टिकली नाही. पण मालकाने स्वतःहून दाखला मागितला तर कोण अडवणार?

आईच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण शिक्षेची नोंद वेगळी आणि तिची आडकाठी वेगळी. भारताचा 1967 चा पासपोर्ट कायदा पाहा. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली असेल, तर त्या कारणाने शिक्षेपासून पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो. पुढे ते कारण उरत नाही, नोंद मात्र पोलिसांच्या दप्तरी राहते. मुलांच्या बाबतीत तिथला 2015 चा कायदा उदार आहे: काही गंभीर गुन्हे सोडले, तर ठराविक मुदतीनंतर नोंदच नष्ट करावी असे तो म्हणतो. शिक्षक म्हणून आम्हाला हे फार पटते. एकोणिसाव्या वर्षीही मूल पुरते शहाणे झालेले नसते, पण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

आपल्या बेटावर 2012 च्या कायद्यानुसार चारित्र्याच्या दाखल्याचा अर्ज सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयाकडे जातो. तो आधी करावा, राजीनामा मग द्यावा. आमच्या विद्यार्थ्याने उलटे केले होते! शिवाय कंपनीच्या फॉर्मवर "शिक्षा झाली आहे काय" या रकान्यात तो "नाही" लिहिणार होता. आम्ही त्याचा हात धरला. जुना दंड एखादा मालक माफ करील, पण आजचे खोटे उघडे पडले तर परक्या मुलुखात नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातील.

त्याने "होय" लिहिले. आम्ही शिफारसपत्र दिले, त्यात दंडाचाही उल्लेख केला. अजून उत्तर आलेले नाही.