तुलना कशाशी?

सकाळी साडेसहा

थंडीच्या दिवसांत परभणीचा माणूस उठल्यावर आधी पाऱ्याची चौकशी करतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान विभागाचा आकडा गावभर फिरतो आणि गल्लीत कुणीतरी म्हणतंच, ‘एवढी थंडी तर वाजली नाही.’ दोघंही खरे असतात. उघड्या रानातला तापमापक आणि सिमेंटच्या भिंतींमधली खोली एकच गोष्ट मोजत नाहीत. कुठलाही आकडा ऐकला की तो कुठे आणि कसा मोजला हे आधी विचारावं. मानसशास्त्राच्या संशोधन पद्धतीची सुरुवात खरं तर इथूनच होते.

मी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला जाते. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखी ज्वारी आणि ‘परभणी क्रांती’सारखी भेंडी दिली. रस्त्याच्या कडेला प्रयोगाचे तुकडे दिसतात. सारख्या मापाचे वाफे आणि प्रत्येकाला पाटी. कुठल्या वाफ्यात कुठलं वाण लावायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असतं. चांगल्या जमिनीत आवडतं वाण लावायचं आणि मग उत्पन्न जास्त आलं म्हणायचं, ही वाट तिथेच बंद होते.

मी शिकवते त्या मानसशास्त्राला ही रीत शेतानंच दिली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. गहू, बटाटा, खतं यांच्या नोंदी चाळता चाळता त्यांनी प्रयोगाची जी मांडणी घडवली, ती १९३५ च्या त्यांच्या पुस्तकातून सगळ्या विज्ञानांत गेली. माणसांचे दोन गट पाडताना आज आम्ही तेच करतो. म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांना ‘नियंत्रित गट’ शिकवताना मी पाठ्यपुस्तकातून सुरुवात करत नाही. ‘नवीन औषध फवारलं आणि कापूस चांगला आला. बाजूच्या, न फवारलेल्या पट्ट्यात कसा आला?’ एवढं विचारलं की वर्गाला कळतं.

सव्वानऊ

पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा इथून येणारी मुलं बसनं आणि रेल्वेनं पोचतात. पहिल्या तासाआधीचा अर्धा तास दारात उभे राहून बोलण्याचा असतो. आज दोघं जण वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. मोबाइल जास्त वापरणाऱ्या मुलांना गुण कमी पडतात, अशी ती बातमी.

‘म्हणजे मोबाइलमुळं गुण कमी होतात, मॅडम.’

‘किंवा अभ्यासात मन लागत नाही म्हणून पोरगं मोबाइल घेऊन बसतं. किंवा घरात शांतता नाही, म्हणून दोन्ही.’

सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक सगळ्यांना तोंडपाठ असतो. परीक्षेत तो पाच गुणांना येतो. पण बातमी वाचताना तो आठवत नाही. माझी खरी धडपड या आठवण्यासाठी आहे.

साडेदहा

आज जयंत नारळीकरांनी घेतलेली ज्योतिषाची चाचणी शिकवायची. मराठी वर्गासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २००८ मध्ये नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ती घेतली. पत्रिका दोनशे होत्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, कशाही निवडून, पाठवल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातल्या मुलाची, एवढंच सांगायचं होतं. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांची उत्तरं आली.

निकाल सांगण्याआधी मी मुलांना नाणी काढायला लावते. प्रत्येकानं चाळीस वेळा नाणं उडवायचं आणि छापे मोजायचे. वर्गात गलका होतो, बाकाखाली नाणी घरंगळतात, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. हे झाल्याशिवाय पुढचं कळत नाही. बहुतेकांचे छापे सतरा ते तेवीसच्या आत आले. पूर्णेच्या एका मुलीला सव्वीस.

‘हिच्या हातात काही शक्ती आहे का?’

सगळे हसले. ती पण.

मग निकाल. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आले तर यश मानायचं, हे आधीच ठरलं होतं. सगळ्यांत पुढच्या ज्योतिषाची चोवीस बरोबर आली आणि सगळ्यांची मिळून सरासरी शेकडा शेचाळीस. एका संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची एकशे दोन उत्तरं बरोबर, म्हणजे नाण्याइतकीच. फळ्यावर २४ लिहून मी पूर्णेच्या मुलीकडे पाहिलं, तेव्हा मागच्या बाकापर्यंत गोष्ट पोचली. चोवीसवाला ज्योतिषी एकटा भेटला असता तर त्याची कीर्ती पंचक्रोशीत झाली असती. सत्तावीस जणांच्या रांगेत उभा केला की त्याच्यासारखे दोन-तीन जण निव्वळ नशिबानंही निघणारच.

आजचा उत्तम प्रश्न गंगाखेडच्या एका मुलानं विचारला. ‘ज्या चोवीस जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत, ते चांगले असले तर?’

हा प्रश्न मला हवा होता. नारळीकरांच्या बाजूनं असलेल्या मुलानं तो विचारला, म्हणून जास्तच. आपल्याला पटलेल्या निष्कर्षावर असा हात टाकणं फार अवघड असतं. गळालेल्यांचं काय, हा आक्षेप प्रत्येक चाचणीला लागतो आणि इथेही लागतो. त्याचं उत्तर असं, की ही चाचणी आलेल्या उत्तरांपुरतं बोलते, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा चाचणी घ्यायची वाट मोकळी आहे. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हे या मुलांना माहीत असतं. त्यांनी पत्रिका आणि नाणं यांतला फरक इतक्या शांतपणे मोजला होता, हे माहीत नसतं.

बारा

प्रात्यक्षिक. सकाळच्या कात्रणाचाच प्रयोग करायचा ठरला. मोबाइल बंद करून समोर ठेवला तरी लक्ष जातं का? वीस शब्दांची यादी, पाठ करायला दोन मिनिटं, मग आठवतील ते शब्द कागदावर. अर्ध्या प्रयोज्यांचे फोन टेबलावर, अर्ध्यांचे शेजारच्या खोलीत. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्यांवर. ‘मला मैत्रिणीबरोबर बसू द्या’ ही विनंती दरवेळी येते आणि दरवेळी नाकारावी लागते. मैत्रिणी एका गटात गेल्या की मैत्रीही त्याच गटात जाते.

उत्तरं तपासणाऱ्या मुलीला कुठला कागद कुठल्या गटाचा हे कळू द्यायचं नाही. याचं कारण सांगताना मी नंदीबैलवाल्याची आठवण काढते. गुबूगुबू वाजतं, ‘पाऊस पडंल का?’ असं विचारलं जातं आणि बैल मान हलवतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं करायचा, खुरानं उत्तराइतके ठोके द्यायचा. १९०४ मध्ये त्याच्या तपासणीला समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानं दाखवलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकतो. योग्य आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते पाहून थांबायचा. मालकाला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. तपासनीस प्रामाणिक असला तरी त्याच्या डोळ्यांवर पट्टी का बांधायची, ते यातून कळतं.

निकाल असा आला, की फोन दूर असलेल्यांना सरासरी जेमतेम एक शब्द जास्त आठवला. मुलं हिरमुसली. मग एकानं सुचवलं, ‘फोन टेबलावर असूनही ज्यानं एकोणीस शब्द लिहिले त्याला काढून टाकू, मॅडम. तो हुशारच आहे.’

इथे मी तास थांबवला. कुणाला वगळायचं याचा नियम प्रयोगाआधी लिहिला असेल तर ठीक. आकडे पाहून ठरवला तर आपण हवं ते उत्तर विणायला बसलो. मानसशास्त्रानं याची किंमत मोजली आहे. प्रसिद्ध झालेले शंभर अभ्यास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, की मूळच्या जवळपास सगळ्या अभ्यासांत ठळक परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर तो शंभरात छत्तीसच अभ्यासांत दिसला. त्या सगळ्या संशोधकांनी लबाडी केली होती असं नाही. बऱ्याच ठिकाणी असाच एखादा एकोणीस शब्दांचा मुलगा वगळला गेला असेल. जर्नलमध्ये आजचा निष्कर्ष ‘फरक सिद्ध झाला नाही’ असाच लिहायचा. त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत, हे मी दोनदा सांगितलं.

दोन

डबा. ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण. पंधरा मिनिटं.

अडीच

एम.ए.च्या विद्यार्थिनीबरोबर जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात. तिचा प्रबंध नैराश्यावर आहे. शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा राज्य सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, परभणी त्यात होतं. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं हेरायची, ही त्यातली कल्पना. आम्ही वापरतो ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता, आणि असं किती दिवस होतं, हे विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस.

कागदावर हे सोपं आहे. ओसरीवर नाही. सून उत्तर देते तेव्हा सासू दारात उभी असते. नवरा म्हणतो, ‘तिला काय विचारायलात, मी सांगतो की.’ मग झोप चांगली, भूक चांगली, सगळं चांगलं. आशाताईंनी सासूबाईंना शेळी दाखवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात नेलं आणि त्याच बाईची उत्तरं बदलली. प्रश्नावली तीच, बाई तीच, दहा मिनिटांचं अंतर. विश्वसनीयता आणि सप्रमाणता या प्रकरणांत हे यायला हवं, असं मला फार वाटतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एका घरी त्याला ‘हो’ आलं. त्यानंतर आम्ही पेन खाली ठेवलं. अशा वेळी संशोधन थांबतं, माहिती अर्धी राहिली तरी. बाईंशी बोललो, त्यांच्या संमतीनं त्यांच्या भावाला बोलावलं, आशाताईंनी जिल्हा रुग्णालयात सोबत जायचं ठरवलं, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. नववा प्रश्न विचारणाऱ्यानं ‘हो’ या उत्तराची तयारी गावात पाऊल टाकण्याआधी केलेली असली पाहिजे. ती नसेल तर प्रश्न विचारू नये.

सहा

परतल्यावर विद्यार्थिनीनं बेरीज केली. दहा किंवा त्याहून जास्त गुण असलेले सगळे तिनं ‘नैराश्यग्रस्त’ या रकान्यात टाकले होते. मी कागद ओढला.

या प्रश्नावलीच्या २००१ च्या मूळ अभ्यासात दहा ही सीमा धरली, तर नैराश्य असलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जण ओळखले गेले आणि नसलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जण बरोबर सुटले. ऐकायला उत्तम. आता समजा हजार वस्तीच्या गावात पन्नास जणांना नैराश्य आहे. त्यांतले चव्वेचाळीस सापडतील. उरलेल्या साडेनऊशेंपैकी शेकडा बारा, म्हणजे एकशे चौदा जण उगाचच अडकतील. यादीत एकशे अठ्ठावन्न नावं आणि खरे आजारी चव्वेचाळीस. तीनातला एकही धड नाही.

ती गप्प झाली. ‘मग प्रश्नावलीचा उपयोग काय?’

उपयोग आहे. हजारांतून एकशे अठ्ठावन्न निवडले, आता त्यांच्याशी जाणत्या माणसानं बोलायचं. चाळणी म्हणून ती चांगली आहे, निदान म्हणून नाही. गावात ‘यांना मानसिक आजार आहे’ असा शिक्का एकदा बसला की पुसत नाही, म्हणून रकान्याचं नाव बदलणं हा शब्दांचा खेळ नव्हे. तिनं खोडून लिहिलं, ‘पुढील तपासणीसाठी’.

साडेआठ

जेवणं झाल्यावर तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण. विदर्भातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाबद्दल तिनं चांगलं लिहिलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. मला या कामाबद्दल आदर आहे. तरी समासात लिहिलं, ‘तुलनेची गावं नव्हती. त्याच काळात इतर काय बदललं?’ आदर असलेल्या कामाला हा प्रश्न आधी विचारायचा.

पुढचं पान जास्त अडचणीचं. आत्महत्या झालेल्या घरांना तिनं भेटी दिल्या, जवळजवळ सगळीकडे कर्ज सापडलं, म्हणून कर्ज हे कारण. ती त्या घरांत बसून रडली आहे, हे मला माहीत आहे. पण त्याच गावात, तेवढ्याच जमिनीच्या, जिथे असं काही घडलं नाही त्या घरांत कर्ज किती? तिथेही तितकंच निघालं, तर कर्जाशिवाय आणखी काय होतं ते शोधावं लागेल. कमी निघालं तर तिचं म्हणणं आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होईल. कर्जाचा दोष कमी करायला मी हे सांगत नाही. उद्या कुणी तिचा प्रबंध बाजूला सारू नये म्हणून सांगते.

तिचा फोन आला. ‘मॅडम, जिथं काही झालं नाही, त्या घरी काय सांगून जायचं?’

‘खरं तेच. शेजारी जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्यांकडे विचारतोय. नको म्हणाले तर नमस्कार करून परत यायचं.’

‘घरं सरपंच दाखवतो म्हणालेत.’

‘नको. ग्रामपंचायतीची यादी घे, तेवढ्या जमिनीची घरं वेगळी काढ, आणि त्यांच्या चिठ्ठ्या टाक. रस्त्यावरची घरं सोपी पडतात, पण जी चिठ्ठी निघेल तिथं जायचं. घर लांब रानात असलं तरी.’

सकाळच्या बसची वेळ ठरवून तिनं फोन ठेवला.