दोष टीव्हीचा की नजरेचा?

कृष्णधवल टीव्हीला चित्रासाठी दोनच बटणे पुरत. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि रंगाचे एक बटण वाढले. आजच्या संचात मात्र ‘पिक्चर’ या शब्दाखाली भली मोठी यादी उघडते व बहुतेक घरांत तिकडे कोणी फिरकत नाही. मग डोळे चुरचुरले, डोके दुखले की सारा दोष टीव्हीला.

राजपथावरच्या एखाद्या दुकानात लखलखाटात ओळीने मांडलेले संच आठवा. त्यात आपला उठून दिसावा म्हणून तो ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर ठेवतात. घरी आणल्यावरही पुष्कळदा तो तसाच राहतो. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी झालेली असते. त्यात हा झगझगाट. शिवाय टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळ्यांतील ओल सुकते. चुरचुर होते ती यामुळे.

उपाय सोपा आहे. रात्री ‘सिनेमा’ किंवा ‘मुव्ही’ निवडा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट, मलूल वाटेल. दोन-तीन दिवसांत नजर सरावते. उजेड जास्त वाटला तर ‘बॅकलाइट’ कमी करा. येथे अनेकांची गफलत होते. पुष्कळ संचांत ‘ब्राइटनेस’ने पडद्याचा उजेड फारसा बदलत नाही, काळा रंग किती गडद दिसावा एवढेच ठरते. काळ्या कोटाच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर तो थोडा वाढवावा, काळे राखाडी दिसू लागले तर उतरवावा. ‘शार्पनेस’ फार वाढवला तर अक्षरांभोवती पांढरी कड दिसते. ‘कूल’ म्हणजे निळसर, ‘वॉर्म’ म्हणजे पिवळसर; रात्री वॉर्म बरे, कारण झगझगीत निळसर प्रकाश झोप लांबवतो. त्याने डोळ्याचा पडदा जळतो याला मात्र पुरावा नाही, तेव्हा त्यासाठी महागडा चष्मा घेऊ नये. खोलीत टीव्हीमागे एक मंद दिवा असू द्या.

‘लांब बस, किरण लागतील’ हे आपण सर्वांनी ऐकले आहे. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले होते, ते नलिकेचे संच होते. आजच्या सपाट पडद्यात ती नलिकाच नाही. जवळ बसून डोळे अधू होत नाहीत. उलट, मूल सारखे टीव्हीजवळ सरकत असेल तर त्याला लांबचे दिसत नसावे, अशी शंका घ्यावी. रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. विश्रांती मात्र हवीच. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, तरी डोळ्यांनाही ते मानवते.

आता वडीलधाऱ्यांविषयी. आजोबा ‘चित्र धूसर आहे, उजेड वाढव’ म्हणतात आणि नातवाला तेच चित्र स्वच्छ दिसते. अशा वेळी रिमोट बाजूला ठेवावा. चष्मा लावूनच एक डोळा तळहाताने झाकून बातम्यांखालची सरकती पट्टी वाचायला सांगावी, मग दुसरा झाकून. एका डोळ्याने नीट वाचता येत नसेल, रंग पिवळट दिसत असतील, दिव्याभोवती वलय दिसत असेल तर मोतीबिंदू असू शकतो. तो हळूहळू वाढतो, दुखत नाही, म्हणून दोष टीव्हीवर जातो आणि वर्षे निघून जातात. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते व ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली तर पडद्याचा विकार असू शकतो, त्यात दिरंगाई नको. नजर एकाएकी गेली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी, चित्र कितीही स्वच्छ दिसत असले तरी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.