काठावरचं नाव

शनिवारी सुपा एमआयडीसीतून सुटलं की आमची गँग थेट पुण्याकडे पळते. त्या दिवशी मात्र मी गावातल्या सराफाकडे थांबलो, बहिणीच्या पैंजणाची कडी जोडायला. काउंटरवर मोडीचा डबा होता. वाळे, करदोडे, चेपलेल्या वाट्या आणि मध्येच एक काळवंडलेली चकती. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार.

"काका, हे काय?"

"बिल्ला हाय कसलातरी. तीनेक तोळे भरंल. सोमवारी आटवायचाय."

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल! चांदीच्या भावात उचललं. तशी ही मेडल्स दुर्मिळ नाहीत, सुमारे ६५ लाख वाटली गेली. पण खरा फंडा काठावर आहे. तिथे मालकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. माझ्या मेडलवर होता एक गोरा गनर, व्हॉलंटियर आर्टिलरी बॅटरीचा.

हे व्हॉलंटियर म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी नोकरदार मंडळी. भारतात राहणारे युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. एरवी रेल्वेत नाहीतर कचेरीत काम, उरलेल्या वेळात परेड. त्यांची ही बॅटरी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुत-अल-अमाराला सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलं, तेव्हा तीही आत अडकली. घोडे कापून खायची वेळ आली. अखेर २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार जण शरण गेले.

त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणीही होत्या. माझे पणजोबा ११० मध्ये होते. त्यांचंही मेडल घरात होतं. १९८०मध्ये चांदी भडकली, जगभर ही मेडल्स मुशीत गेली. आमचंही गेलं. आजी म्हणायची, त्या पैशांना विहिरीच्या कामाचा हातभार लागला. तिला चूक कसं म्हणू? पण पणजोबांचा नंबर आता कुणालाच आठवत नाही. आणि नंबराशिवाय, एकाच नावाच्या पन्नास शिपायांत आपला कोणता हे कसं ओळखणार?

परक्या गनरचं नाव वाचलं, घरचं आटलं. तेव्हापासून मी मेडल्स जमवतोय.

तुम्हालाही सापडलं तर?

* पॉलिश अजिबात नको. घासून घासून नाव पुसट होतं.
* व्हर्निअर लावा. व्यास ३६ मिलिमीटर हवा. कमी भरला, तर जुनं नाव कानशीने घासून दुसरं टाकल्याचा संशय घ्या.
* शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. परस्पर परदेशी विकू नका.

काका आता आटवण्याआधी मला मिस्ड कॉल देतात. माझे पणजोबा काही त्या डब्यात सापडायचे नाहीत. पण कुणाचे तरी सापडतील ना!