राकू शिल्पकला

राकू शिल्पकला हा मृत्तिकाशिल्पाचा एक प्रकार आहे. यात मातीचे शिल्प भट्टीत तापून लालबुंद झाले असतानाच बाहेर काढतात आणि ज्वलनशील पदार्थांच्या धुरात थंड होऊ देतात. अग्नी, धूर व हवा यांचा परिणाम शिल्पाच्या पृष्ठभागावर कायम राहतो. हा परिणाम कलावंताला काही प्रमाणातच नियंत्रित करता येतो. त्यामुळे अनिश्चिततेचा स्वीकार हा या कलेचा मूलभूत विचार मानला जातो.

उगम

राकूचा उगम १६व्या शतकात जपानमधील क्योतो येथे झाला. चहासमारंभाचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या प्रेरणेने चोजिरो या कारागिराने चाकाचा वापर न करता हाताने घडवलेले काळे व लाल चहाचे वाडगे तयार केले. साधेपणा, अपूर्णता आणि क्षणभंगुरता यांत सौंदर्य पाहणारी 'वाबी' ही संकल्पना या वाडग्यांमागे होती. चोजिरोची ज्ञात असलेली सर्वांत जुनी दिनांकित कृती मात्र वाडगा नसून १५७४ सालची सिंहाची मूर्ती आहे. म्हणजेच राकूच्या इतिहासात शिल्पाला आरंभापासूनच स्थान आहे.

'राकू' या शब्दाचा अर्थ आनंद किंवा स्वस्थता असा होतो. तोयोतोमी हिदेयोशी याच्या जुराकुदाई या प्रासादाच्या नावाशी या शब्दाचा संबंध जोडला जातो. पुढे हेच चोजिरोच्या परंपरेतील घराण्याचे नाव झाले आणि हे घराणे आजही क्योतोमध्ये कार्यरत आहे.

पाश्चात्त्य राकू

इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच यांना १९११ साली तोक्योमध्ये राकूची ओळख झाली. त्यांनी १९४० साली प्रकाशित केलेल्या पुस्तकात या पद्धतीचे वर्णन केले. त्याच्या आधारे अमेरिकन कलावंत पॉल सोल्डनर यांनी १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात प्रयोग केले. आरंभीच्या निष्पत्तीने समाधान न झाल्याने त्यांनी तप्त भांडे झाडाच्या पानांत लोळवले. धूर देण्याची ही क्रिया पारंपरिक जपानी राकूमध्ये नव्हती. पाश्चात्त्य राकूचे ते मुख्य वैशिष्ट्य ठरले.

प्रक्रिया

एकदा भाजलेल्या शिल्पावर झिलईचा थर देऊन ते सुमारे ९००° ते १०००° सेल्सिअस तापमानास पुन्हा भाजतात. झिलई वितळल्यावर लांब चिमट्यांनी शिल्प बाहेर काढून लाकडाचा भुसा, कागद किंवा पाने भरलेल्या धातूच्या पिंपात ठेवतात आणि झाकण लावतात. पिंपातील ऑक्सिजन कमी झाल्यावर झिलईतील तांब्याच्या ऑक्साइडचे क्षपण होऊन धातूसारखी तांबूस चमक येते. जेथे हवा पोहोचते तेथे हिरव्या किंवा निळसर छटा उमटतात. थंड होताना झिलईला सूक्ष्म तडे जातात व त्यांत कार्बन शिरून काळ्या रेषांचे जाळे तयार होते. झिलई नसलेली माती काळी पडते.

अचानक होणाऱ्या तापमानबदलाने शिल्प फुटू शकते. म्हणून मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात, शिल्प पोकळ ठेवतात आणि त्याच्या भिंतींची जाडी शक्यतो समान राखतात. मोठ्या शिल्पांसाठी शिल्प न हलवता त्यावरील भट्टीच वर उचलून घेण्याची पद्धत वापरली जाते.

आशय व प्रेरणा

सोल्डनर यांनी अपघाताला रचनेचा भाग मानले. त्यांच्या उत्तरकालीन शिल्पांत दुमडलेली, फाटल्यासारखी मातीची पाती दिसतात. वेन हिग्बी यांच्या राकू पात्रांवर अमेरिकेच्या पश्चिम भागातील कडे व दऱ्या अवतरतात. तेथे झिलईतील तडे खडकांतील भेगांचा भास निर्माण करतात. रिक डिलिंगहॅम (१९५२–१९९४) यांनी पुएब्लो लोकांच्या जुन्या भांड्यांच्या दुरुस्तीचे काम केले होते. त्यातून त्यांना स्वतःची भांडी हेतुपुरस्सर फोडण्याची, तुकडे वेगवेगळे रंगवून व भाजून पुन्हा जोडण्याची कल्पना सुचली. ब्रिटिश कलावंत डेव्हिड रॉबर्ट्स 'नेकेड राकू' या पद्धतीसाठी ओळखले जातात. तीत वरचा थर नंतर गळून पडतो आणि गुळगुळीत मातीवर केवळ धुराच्या रेषा उरतात.

नावाविषयीचा वाद

१९७०च्या दशकाच्या अखेरीस क्योतोतील एका आंतरराष्ट्रीय हस्तकला परिषदेत सोल्डनर व रिक हर्श यांची राकू घराण्याच्या प्रतिनिधीशी या नावाच्या वापरावरून चर्चा झाली. राकू हे तंत्राचे नव्हे, तर एका घराण्याचे नाव आहे, अशी जपानी बाजूची भूमिका होती. पाश्चात्त्य कलावंतांच्या दृष्टीने राकू ही एक वृत्ती व कार्यपद्धती होती. जपानबाहेर आज हा शब्द प्रामुख्याने दुसऱ्या अर्थाने रूढ आहे.

मर्यादा व जतन

कमी तापमानास भाजल्यामुळे पाश्चात्त्य राकूची माती सच्छिद्र व ठिसूळ राहते. अशी भांडी अन्नपदार्थांसाठी योग्य मानली जात नाहीत. तांब्याची चमक हवेच्या संपर्काने कालांतराने मंदावते किंवा हिरवट होते. त्यामुळे अशी शिल्पे घरात, तीव्र प्रकाश व ओलाव्यापासून दूर ठेवली जातात.