पोपट, व्याकरण आणि मिल

शिक्षणाने ज्ञान द्यावे की बुद्धीला धार लावावी, हा वाद कोलकात्यात दोनशे वर्षांपूर्वीच सरकारदरबारी पोचला होता. संस्कृत कॉलेज निघणार हे कळताच राममोहन रॉय यांनी डिसेंबर १८२३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्टना पत्र लिहिले: व्याकरणाचा कीस काढण्यात तरुणांची उमेदीची वर्षे घालवू नका, गणित, रसायन, शरीररचना शिकवा. सरकारने ऐकले नाही; १८२४ मध्ये कॉलेज उघडले. गंमत म्हणजे राममोहन स्वतः जुन्याच विद्येत घडले होते. धर्माला तर्काच्या कसोटीवर घासणारे त्यांचे आरंभीचे पुस्तक फारसीत आहे, त्याची प्रस्तावना अरबीत.

हिंदू कॉलेजात डेरोझिओ या तरुण शिक्षकाने १८२६ पासून दुसरे टोक गाठले. मुलांना त्याने सवय लावली ती प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारण्याची. पालक बिथरले आणि १८३१ मध्ये त्याला जावे लागले.

सर्वांत विचारपूर्वक प्रयोग ईश्वरचंद्र विद्यासागरांचा. १८५१ मध्ये संस्कृत कॉलेजचे प्राचार्य झाल्यावर त्यांनी 'मुग्धबोध' हा क्लिष्ट व्याकरणग्रंथ मागे सारून बंगालीतून सोपे व्याकरण लिहिले. सांख्य आणि वेदान्त चुकीचे, हे त्यांचे स्वच्छ मत. तरी ते शिकवायचेच, मात्र उतारा म्हणून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही हवे. बनारसच्या संस्कृत कॉलेजचे प्राचार्य बॅलंटाइन यांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या तर्कशास्त्राचा सारांश सुचवला, तेव्हा मूळ ग्रंथच हवा म्हणून ते अडून बसले. तुलना करायची तर दोन्ही बाजू नीट ठाऊक हव्यात!

मुंबई-मद्रासबरोबर १८५७ मध्ये कोलकात्यातही विद्यापीठ आले, ते मुख्यतः परीक्षा घेणारे. घोकंपट्टीला राजमान्यता मिळाली. रवींद्रनाथांनी १८९२ च्या निबंधात तिच्यावर कोरडे ओढले आणि १९१८ च्या 'तोताकाहिनी'त पोथ्यांची पाने कोंबून मारलेला पोपट उभा केला. कोलकाता विद्यापीठाची पाहणी करणाऱ्या सॅडलर आयोगानेही १९१९ मध्ये परीक्षेच्या वर्चस्वावर बोट ठेवले.

कुठलाही कठीण विषय घोटला की सगळी बुद्धीच तल्लख होते, या समजुतीला थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी १९०१ मध्येच धक्का दिला होता. एका कामातला सराव दुसऱ्या कामात फारसा उतरत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे आशयाविना कौशल्य टिकत नाही. आणि विचाराविना आशयाचे काय होते, हे कोलकात्याच्या परीक्षांनी दाखवले. आज 'कौशल्याधारित' अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी विद्यासागरांचा तो हट्ट आधी समजून घ्यावा.