तुटलेलं पुन्हा उगवतं तेव्हा

गेल्या रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालू होता. दहावीच्या मुलीने वाचून दाखवले, "हायड्राचे दोन तुकडे केले तर दोन हायड्रा तयार होतात." मागे बसलेल्या आमच्या एका बांधवाने हात वर केला. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्याची दोन बोटे गेली आहेत. "मग आपलं का उगवत नाही, भाऊ?" वर्ग गप्प झाला. मी कॉमर्सवाला, मलाही सांगता येईना. आठवडाभर वाचून जे कळले ते असे.

हायड्रा गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटून राहतो. लांबी सेंटीमीटरभर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर अनेक वर्षे काम केले. तिथल्या हायड्राच्या शास्त्रीय नावातच 'पुणे' आहे!

1740 मध्ये हॉलंडमध्ये एका सरदाराच्या मुलांची शिकवणी घेणाऱ्या अब्राहम ट्रेम्ब्ली यांनी तो पहिल्यांदा कापून पाहिला. दोन्ही तुकडे जगले. युरोपातल्या पंडितांपुढे पेच पडला, की आत्मा अखंड असेल तर तो कोणत्या तुकड्यात गेला? बुद्धाने आत्मा नाकारला होता, हे बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिलेच आहे. आपल्याला हा पेच पडायचे कारण नाही.

खरी गंमत जखमेत आहे. मधोमध कापले की वरच्या टोकाच्या काही पेशी मरतात. मरता मरता त्या 'विंट-3' नावाचे प्रथिन सोडतात, तो शेजारच्या पेशींना निरोप असतो. त्या भराभर विभागतात आणि दोन-तीन दिवसांत नवे डोके येते. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवले, की पेशींचे हे मरण थांबवले तर डोके उगवत नाही. म्हणजे इजा झाली म्हणूनच उगवण सुरू होते. कारण असेल तर कार्य.

आणि माणूस? हायड्राच्या अंगात मूलपेशी सतत विभागत असतात. आपले शरीर आधी जखम बुजवते, तिथे वण पडतो, बोट काही येत नाही. यकृत मात्र बरेचसे पुन्हा वाढते. लहान मुलांच्या बोटाचे टोक तुटले आणि नखाचे मूळ शाबूत असेल तर तेही भरून येऊ शकते.

हे मी त्या बांधवाला सांगितले. त्याने हात पालथा करून पाहिला. "नखंच गेली की हो," म्हणाला आणि हसला. येत्या रविवारी तळ्यातले शेवाळ बरणीत आणायचे काम त्यानेच घेतले आहे. भिंग माझ्याकडे आहे.